बगलेचा प्रारंभ : रेटी व कॅपाब्लांका यांचा १९२४ सालचा डाव

बुद्धिबळाच्या पटावर घरें चौसष्ट असलीं, तरी त्यांपैकीं चार घरांची प्रतिष्ठा फार मोठी आहे. पटाच्या ऐन मध्यभागीं असलेलीं हीं चार घरें ज्याच्या ताब्यांत, त्याचीं मोहरीं चोहोंकडे मोकळेपणानें फिरतात. ह्याचें प्रत्यंतर पाहावयाचें असल्यास रिकाम्या पटाच्या कोपऱ्यांत एक घोडा ठेवावा. त्याला जावयास दोनच घरें सांपडतात. तोच घोडा मध्यभागीं ठेवला, तर तो आठ घरांवर नजर ठेवितो. यास्तव राजापुढचें अथवा वजिरापुढचें प्यादें पहिल्याच चालीस दोन घरें पुढें रेटून मध्य व्यापावा, असा उपदेश नवशिक्यास करण्यांत येतो, आणि तो यथार्थही आहे. व्हिएन्ना येथील स्टाइनिट्झ व जर्मनींतील डॉ. टॅराश ह्या आचार्यांनीं ह्या उपदेशास शास्त्राचें रूप दिलें.

परंतु पहिल्या महायुद्धानंतरच्या कांहीं वर्षांत मध्य युरोपांतील कित्येक तरुण खेळाडूंनीं ह्या शास्त्रासच प्रश्न विचारला. ब्रेयर, निम्झोविच, तार्ताकोवर व रिचर्ड रेटी हीं त्यांतील ठळक नांवें होत. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मध्यावर सत्ता चालविणें निराळें आणि मध्यांत प्यादीं नेऊन उभीं करणें निराळें. प्यादें एकदां पुढें गेलें कीं तें परत फिरत नाहीं. त्याचें रक्षण करण्याचें ओझें मागच्या मोहऱ्यांवर पडतें. मग तें ओझें प्रतिपक्षास कां उचलूं देऊं नये? आपण आपले उंट दोन्ही बगलांस बसवावे, तेथून तिरप्या रेषेंत मध्याकडे नेम धरावा, प्रतिपक्षास मध्य व्यापूं द्यावा, आणि त्याची मांडणी ताठरली म्हणजे मग तिच्यावर प्रहार करावा. अशा रीतीनें सुरू होणाऱ्या डावास बगलेचा प्रारंभ म्हणतात. उंटास घोड्यापुढच्या प्याद्याच्या जागीं बसविण्याच्या ह्या रचनेस युरोपांत ‘फिआंकेटो’ हा इटालियन शब्द रूढ आहे. त्याच्या मुळाशीं ‘फिआंको’ म्हणजे बगल हाच शब्द आहे.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ही रचना युरोपांत क्रांतिकारक ठरली, पण हिंदुस्थानांत ती जुनीच होती. आपल्याकडील देशी खेळांत प्याद्यास पहिल्या चालीसही एकच घर चालण्याची मुभा असे. त्यामुळें मध्यांत एकदम धांव घेण्याचा प्रश्नच नव्हता, आणि उंट बगलेस बसविणें ओघानेंच येई. इसवी सन १८५० च्या सुमारास कलकत्त्यास कॉक्रेन नांवाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशीं वारंवार डाव खेळत. बॅनर्जींनीं काळ्या मोहऱ्यांनीं योजिलेल्या ह्या बगलेच्या मांडण्या कॉक्रेन साहेबांच्या टिपणांतून विलायतेस पोंचल्या. आजही जगभर अशा बचावांस ‘इंडियन’ हें विशेषण लावतात, त्याचें कारण हें आहे.

आतां ज्या डावाचा अभ्यास करावयाचा त्याकडे वळूं. १९२४ सालीं मार्च व एप्रिल महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं अलामॅक हॉटेलांत अकरा खेळाडूंचा सामना भरला होता. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोन डाव खेळावयाचे, म्हणजे एकेकाच्या वांट्यास वीस डाव. माजी जगज्जेते डॉ. इमॅन्युएल लास्कर, विद्यमान जगज्जेते होसे राउल कॅपाब्लांका आणि पुढें १९२७ सालीं जगज्जेते झालेले अलेखाइन हे तिघेही त्यांत होते. कॅपाब्लांका हे क्यूबा बेटांतील हवाना शहरचे. १९२१ सालीं त्याच शहरीं त्यांनीं लास्कर यांस एकही डाव न गमावतां जिंकून जगज्जेतेपद मिळविलें. १९१६ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क येथें चाजेस नांवाच्या खेळाडूकडून त्यांचा एक डाव गेला. त्यानंतर आठ वर्षांत ते ६३ डाव खेळले, त्यांपैकीं ४० जिंकले आणि २३ बरोबरींत सुटले. हरलेला डाव एकही नाहीं. ह्या माणसास हरवितां येत नाहीं, अशी जी समजूत पसरली होती, ती केवळ भाबडेपणाची नव्हती.

त्यांच्यासमोर सामन्याच्या पांचव्या फेरींत पांढरीं मोहरीं घेऊन रेटी बसले. रेटी यांचा जन्म १८८९ सालचा, त्या वेळच्या हंगेरींतील पेझिनोक गांवचा. हा गांव आतां स्लोव्हाकियांत आहे. व्हिएन्नास त्यांनीं गणिताचें अध्ययन केलें. नव्या मतांचें मंडन करणारा त्यांचा ग्रंथ १९२२ सालीं प्रसिद्ध झाला होता. म्हणजे ह्या डावांत केवळ एका गुणाचा प्रश्न नव्हता. ग्रंथांत मांडलेलें मत पटावर, आणि तेंही कॅपाब्लांका यांच्यासमोर, टिकतें कीं नाहीं, हें ठरावयाचें होतें.

वाचकांनीं पट समोर मांडून पुढील मजकूर वाचावा. नुसतें वाचून फारसा लाभ होणार नाहीं. पांढऱ्याच्या बाजूनें पाहतां डावीकडून उजवीकडे उभ्या ओळींस ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच हीं नांवें, व पांढऱ्यापासून काळ्याकडे आडव्या ओळींस १ ते ८ हे आंकडे द्यावे. प्रत्येक आंकड्यापुढें प्रथम पांढऱ्याची व नंतर काळ्याची चाल दिली आहे. जेथें मोहऱ्याचें नांव नाहीं तेथें प्याद्याची चाल समजावी.

१ घोडा एफ३, घोडा एफ६. २ सी४, जी६. ३ बी४, उंट जी७. ४ उंट बी२, किल्लेकोट. ५ जी३, बी६. ६ उंट जी२, उंट बी७. ७ किल्लेकोट, डी६. ८ डी३, घोडा बी८ वरून डी७. ९ घोडा बी१ वरून डी२, ई५.

आठव्या चालीपर्यंत दोन्ही पक्षांचे चारही उंट बगलांस बसले आहेत. रेटी यांची तिसरी चाल मात्र नेहमींची नव्हे. बीचें प्यादें एकच घर सरकवून उंट बसविणें पुरेसें असतां त्यांनीं तें दोन घरें नेलें. वजिराच्या बाजूस आपला पैस वाढवावा, आणि काळ्यास सी५ ही चाल सहजासहजीं करूं देऊं नये, हा त्यांतील हेतु. नवव्या चालीस कॅपाब्लांका यांनीं मध्य व्यापिला. ई५ वरील प्याद्यामुळें बी२ वरच्या उंटाची वाट बंद झाली, आणि जुन्या शास्त्राप्रमाणें पाहतां काळ्याची स्थिति उत्तम दिसते. रेटी यांना हेंच हवें होतें. त्यांचीं राजा व वजीर यांच्यापुढचीं प्यादीं अद्याप तिसऱ्या ओळीच्या पलीकडे गेलेलीं नाहींत, आणि सोळाव्या चालीपर्यंत जाणारही नाहींत.

१० वजीर सी२, हत्ती ई८, ११ हत्ती एफ१ वरून डी१, ए५, १२ ए३, एच६, १३ घोडा एफ१, सी५, १४ बी५, घोडा डी७ वरून एफ८, १५ ई३, वजीर सी७, १६ डी४.

ह्या सात चालींत डावाचें मर्म सांठविलेलें आहे, म्हणून येथें थोडें थांबावें. अकराव्या चालीस पांढऱ्यानें हत्ती डी१ वर आणला, तेव्हां त्याच्यापुढें आपलाच घोडा व आपलेंच प्यादें उभें होतें. वरवर पाहणारास ही चाल निरर्थक वाटेल. परंतु डीची ओळ कधीं तरी उघडणार, आणि त्या दिवशीं हत्ती तेथें आधींच उभा असावा, ही त्यांतील दूरदृष्टि. काळ्याची बारावी चाल, एच६, मला संथ वाटते. राजाभोंवतींचें एक प्यादें तिनें विनाकारण हललें, आणि तें पुढें जाणवतें.

तेराव्या चालीस पांढरा घोडा मागें, पहिल्या ओळींत जातो. त्याचा रोख ई३ कडे, व तेथून डी५ कडे आहे. कॅपाब्लांका यांनीं उत्तर दिलें सी५. माझ्या मतें येथूनच काळ्याची घसरण सुरू झाली. सी व ई ह्या दोन्ही ओळींतील प्यादीं पुढें निघून गेल्यामुळें डी५ घर राखण्यास काळ्याचें एकही प्यादें उरलें नाहीं. आणि सी७ वरून डी६ ला जो आधार होता तोही गेला. प्याद्यानें दिलेला आधार फुकटचा असतो. तो गेला कीं मोठीं मोहरीं पाहऱ्यास बसवावीं लागतात, आणि डी६ वरील तें बिचारें प्यादें आतां त्याच स्थितींत आलें.

चौदाव्या चालीस पांढऱ्यानें बीचें प्यादें आणखी एक घर पुढें नेऊन वजिराची बाजू बंद केली. ह्याचे दोन परिणाम झाले. एक, आतां उघडण्यासारखी वाट मध्यांतच राहिली, आणि तेथें हत्ती आधींच उभा आहे. दुसरा, बी५ वरून तें प्यादें सी६ ह्या घरावर नजर ठेवूं लागलें. हें सी६ वाचकांनीं लक्षांत ठेवावें. काळा घोडा एफ८ वर गेला, तो ई६ मार्गें डी४ वर बसण्याच्या इराद्यानें. पंधराव्या चालीच्या ई३ नें त्याचें तें घर काढून घेतलें. आणि सोळाव्या चालीस, इतका वेळ आवरून धरलेला प्रहार झाला : डी४.

१६ ..., उंट ई४, १७ वजीर सी३, ई५ वरचें प्यादें डी४ वर मारतें, १८ ई३ वरचें प्यादें डी४ वर मारतें, घोडा एफ६ वरून डी७, १९ वजीर डी२, सी५ वरचें प्यादें डी४ वर मारतें, २० उंट डी४ वर मारतो, वजीर सी४ वर मारतो, २१ उंट जी७ वर मारतो, राजा जी७ वर मारतो, २२ वजीर बी२, शह, राजा जी८, २३ हत्ती डी६ वर मारतो.

अठराव्या चालीस काळ्यानें घोडा मागें घेतला, त्यामुळें जी७ वरच्या उंटाची वाट मोकळी झाली. पांढरा वजीर सी३ वर, म्हणजे त्याच तिरप्या रेषेंत असल्यानें डी४ वरचें प्यादें जखडलें गेलें. तें हललें तर वजीर जातो. म्हणून वजीर डी२ वर सरकला. ह्या वेळीं काळ्यानें आपला ए८ वरचा हत्ती डी८ वर आणून डी६ ला टेकू दिला असता, तर डाव पुष्कळ लांबला असता असें वाटतें. कॅपाब्लांका यांनीं तसें न करतां सी४ वरचें प्यादें खाल्लें. प्यादें परत मिळालें, हिशेब चुकता झाला. पण ह्या व्यवहारांत काळ्याच्या राजाजवळचा उंट पटावरून गेला. जी६ व एच६ येथें प्यादीं आणि उंट नाहीं, म्हणजे एफ६, जी७, एच६ हीं काळ्या रंगाचीं घरें उघडीं पडलीं. त्याच तिरप्या रेषेवर आतां पांढरा वजीर उभा आहे. बगलेच्या उंटानें स्वतः नाहींसें होऊन आपली वाट वजिराच्या स्वाधीन केली.

तेविसाव्या चालीनंतर मोहरीं मोजावीं. प्रत्येकाजवळ वजीर, दोन हत्ती, एक उंट, दोन घोडे व पांच प्यादीं. तिळमात्र फरक नाहीं. तरीही पांढऱ्याची स्थिति निर्विवाद श्रेष्ठ आहे, आणि ती कां, हें समजणें हाच ह्या डावाचा धडा आहे. पांढरा हत्ती सहाव्या ओळींत घुसला आहे, काळ्याचे दोन घोडे एकमेकांस राखण्यांतच गुंतले आहेत, आणि राजाभोंवतीं खिंडार आहे.

२३ ..., वजीर सी५. २४ हत्ती ए१ वरून डी१, हत्ती ए७. २५ घोडा ई३, वजीर एच५. २६ घोडा डी४, उंट जी२ वर मारतो. २७ राजा जी२ वर मारतो, वजीर ई५. २८ घोडा ई३ वरून सी४, वजीर सी५. २९ घोडा सी६, हत्ती सी७. ३० घोडा ई३, घोडा डी७ वरून ई५. ३१ हत्ती डी१ वरून डी५. काळ्यानें डाव सोडला.

चोविसाव्या चालीचा धाक असा : हत्ती डी७ वरचा घोडा मारील, दुसरा घोडा त्यास मारील, मग दुसरा हत्ती त्या घोड्यास मारील, एका हत्तीच्या मोबदल्यांत दोन घोडे. म्हणून काळ्याचा हत्ती ए७ वर आला. पंचविसाव्या चालीस पांढरा घोडा ई३ वर येऊन जी४ कडे पाहूं लागला. तेथून तो एच६ चें प्यादें शहासह उचलणार. काळा वजीर एच५ वर धांवला, त्यानें जी४ राखिलें व एफ३ वरच्या घोड्यावर दाब दिला. रेटी यांनीं घोडा उचलून डी४ वर ठेविला. डी१ वरचा हत्ती वजिराच्या माऱ्यांत आला खरा, पण ई३ वरचा घोडा त्याला राखीत आहे.

सत्ताविसाव्या चालीस काळा वजीर ई५ वर आला, आणि क्षणभर पांढराच अडचणींत दिसतो. डी६ वरच्या हत्तीवर वजिराचा मारा आहे, आणि मध्यें डी४ वर आपलाच घोडा असल्यानें मागचा हत्ती त्यास राखूं शकत नाहीं. रेटी यांचें उत्तर पाहावें. घोडा सी४ वर जातो. त्यानें हत्तीही राखिला जातो आणि वजिरावरही चाल होते. वजीर सी५ वर परततो, आणि आतां सी४ वरचा तो घोडा निराधार आहे. तेव्हां रेटी दुसरा घोडा सी६ वर टाकितात, जें घर पंधरा चाली अगोदर बीच्या प्याद्यानें राखून ठेविलें होतें. काळ्या वजिरानें सी४ वरचा घोडा खाल्ला, तर ए७ वरचा हत्ती जातो व डी७ चा पाहराही उठतो. हत्ती निसटून सी७ वर आला. घोडा पुन्हा ई३ वर परतला. मग काळा घोडा ई५ वर आला, त्यानें पांढऱ्या वजिराची तिरपी वाट अडविली व सी६ वर दाब आणिला. ह्यावर शेवटची चाल : मागचा हत्ती डी५ वर.

काळा वजीर सांपडला. तो कोठें जाईल? सी४ वर ई३ चा घोडा आहे. सी३, सी१, बी४ व ए३ ह्या घरांवर बी२ चा वजीर आहे. डी४ वर हत्ती व वजीर दोघेही आहेत. जें मोहरें खावें त्यामागें दुसरें उभें आहे. एकच उपाय उरतो : घोडा ई५ वरून सी४ वर टाकून पांढऱ्या वजिरावर उलट चाल करणें. मग हत्ती सी५ वर वजीर मारतो, घोडा बी२ वर वजीर मारतो, आणि हत्ती सी२ वर मागें येऊन त्या घोड्यास धरतो. घोड्यास ए४ हें एकच घर उरतें. तो तेथें गेला कीं पांढरा घोडा डी५ वर येतो; तेथून तो सी७ च्या हत्तीवर नजर ठेवितो, आणि तो हत्ती हलला तर एफ६ वर शह देऊन ई८ चा हत्ती घेतो. कॅपाब्लांका यांनीं हें सर्व पाहिलें आणि पुढें चाल केली नाहीं.

दोन गोष्टी मोजण्यासारख्या आहेत. विसाव्या चालीपासून अठ्ठाविसाव्या चालीपर्यंतच्या नऊ चालींपैकीं पांच काळ्याच्या वजिराच्या आहेत. सी४, सी५, एच५, ई५, पुन्हा सी५ अशी त्याची पायपीट झाली, आणि ज्या घरीं तो परतला तेथेंच कोंडला गेला. उलटपक्षीं पांढऱ्याच्या वजिराकडील घोड्यानेंही ह्या डावांत पांच चाली केल्या : डी२, एफ१, ई३, सी४, ई३. दोघेही हिंडले, पण वजीर हिंडला तो धांवपळीनें, आणि घोडा हिंडला तो ठरवून. घोड्याची दुसरी चाल तर मागें, पहिल्या ओळींत आहे. मोहरें मागें घेण्यास नवशिक्यास संकोच वाटतो. त्यानें ही तेरावी चाल पुन्हा पुन्हा खेळून पाहावी.

एका डावानें जुनें शास्त्र खोटें ठरलें, असें मात्र कोणीं समजूं नये. त्या सामन्यांत पहिला क्रमांक पंचावन्न वर्षांच्या डॉ. लास्कर यांचा लागला. त्यांचे वीस डावांत १६ गुण झाले. कॅपाब्लांका १४॥ गुणांनीं दुसरे आले, आणि सबंध सामन्यांत त्यांनीं गमावलेला डाव हा एकटाच. रेटी १०॥ गुणांनीं पांचवे. परतीच्या डावांत कॅपाब्लांका यांनीं पांढऱ्या मोहऱ्यांनीं राजापुढचें प्यादें दोन घरें रेटून जुन्याच वाटेनें रेटी यांस हरविलें. तथापि त्याच सामन्यांत बोगोल्युबोव यांच्याविरुद्ध बगलेच्याच प्रारंभानें जिंकलेल्या पंचवीस चालींच्या डावाबद्दल सौंदर्याचें पहिलें पारितोषिक रेटी यांनाच मिळालें. अंतीं पांढरा उंट ई८ वर जाऊन बसतो, ती चाल शोधून पाहण्यासारखी आहे. रेटी पुढें फार दिवस जगले नाहींत. १९२९ सालीं प्राग येथें आरक्त ज्वरानें त्यांचा अंत झाला, तेव्हां ते चाळीस वर्षांचे होते. त्यांची पद्धति मात्र राहिली. १९८७ सालीं सेव्हिल येथें जगज्जेतेपद राखण्यासाठीं शेवटचा चोविसावा डाव जिंकणें कास्पारोव्ह यांस प्राप्त होतें; तेव्हां त्यांनीं सीचें प्यादें पुढें करून, दोन्ही उंट बगलांस बसवून सावकाश खेळ मांडला, आणि कार्पोव्ह यांच्यावर तो डाव जिंकून पद राखिलें.

ज्यांना ह्या डावाचा अधिक अभ्यास करावयाचा असेल त्यांनीं पांढऱ्याची तेरावी चाल झालेली स्थिति पटावर मांडावी आणि काळ्या मोहऱ्यांच्या बाजूस बसावें. सी५ ही चाल करावयाची नाहीं, एवढाच निर्बंध घालून घ्यावा. डी६ चें प्यादें सीच्या प्याद्याच्या आधारानें राखून, ई३ कडे निघालेल्या घोड्यास काय उत्तर देतां येतें, हें सोबत्याशीं खेळून पाहावें. मग बाजू बदलावी.